ऊसतोडीत ‘मुकादम’ म्हणजे नक्की कोण? हा शब्द करारात ठेवावा की काढावा?

अक्षरवाट
ऊसतोड मजुरांच्या बातम्यांत ‘मुकादमाने मजुरांना डांबलं’ असंही येतं आणि ‘मुकादमाची लाखोंची फसवणूक’ असंही येतं. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. पण हा मुकादम मालकाच्या बाजूचा की मजुराच्या, हे वाचणाऱ्याला कळत नाही, कारण एकाच शब्दावर मराठीने चार वेगळी कामं लादली आहेत.

महापालिकेचा मुकादम पगारी असतो. हजेरी चौकीवर सफाई कामगारांची हजेरी घेतो, रस्ते वाटून देतो. माथाडी टोळीचा मुकादम टोळीतलाच हमाल. बांधकामावरचा मुकादम सकाळी नाक्यावरून बिगारी उचलतो आणि प्रत्येक माणसाच्या रोजातून आपला वाटा काढतो. ऊसतोडीतला मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, वाटतो, टोळी जमवतो, कामावर देखरेख करतो आणि हंगामाच्या शेवटी हिशेबही तोच करतो.

माझी मागणी एवढीच, की ऊसतोडीच्या करारात आणि बातमीत त्याला सरळ ‘मजूर कंत्राटदार’ म्हणावं. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराच्या व्याख्येत मजूर पुरवणारा धरला होता, पोटकंत्राटदारही धरला होता. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हेही त्यात होतं. ‘मुकादम’ म्हटलं की हे सगळं निसटतं आणि कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी, मजूर आमचे नाहीत.

मोळीवाला
सहमत नाही. कंत्राटदार म्हटलं की स्वतःचं भांडवल असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. बहुतेक मुकादमांकडे ते नसतं. उचलीचा पैसा कारखान्याकडून वाहतूकदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मग कोयत्याकडे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीकडे येतो. प्रत्येक पायरीवर स्टँप पेपर आणि कोरा धनादेश सही करून घेतला जातो.

आकडेच मांडतो. जानेवारी २०२४च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, म्हणजे टनाला साधारण ३६६ रुपये झाला. मुकादमाचं कमिशन एक टक्का वाढून २० टक्के झालं, म्हणजे टनामागे ७३ रुपये. दहा कोयत्यांची टोळी धरा. एका जोडीने दिवसाला दोन टन तोडले तर टोळीचे २० टन. मुकादमाला रोजचे १,४६० रुपये. १२० दिवस एकही खाडा न होता काम चाललं तर पावणेदोन लाख. आता लाखाची उचल घेतलेला एकच कोयता मध्यरात्री निघून गेला, तर निम्म्याहून जास्त कमाई तिथेच गेली. दोन गेले की मुकादम स्वतः कर्जात. आणि असे मुकादम पुढच्या वर्षी स्वतः कोयता घेऊन दुसऱ्याच्या टोळीत जातात. त्यांना तुम्ही कोणत्या खान्यात घालणार?

अक्षरवाट
तुमचं गणित मान्य, पण तेच मजुराच्या बाजूनेही करा. लाखाची उचल ३६६ने फेडायला २७३ टन तोडावे लागतात. रोज दोन टन म्हणजे १३७ दिवस, आणि तेही आजारपण, पाऊस, कारखान्याचा बिघाड काही न धरता. त्यात खाड्याचे पाचशे-हजार कापले की बाकी पुढच्या वर्षावर जाते. ही कापाकापी वहीत कोण लिहितो? मुकादमच. तो स्वतः कर्जात आहे म्हणून वहीवरचा त्याचा ताबा कमी होत नाही.

मोडीपान
शब्दाविषयी थोडं. मूळ अरबी ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे ठेवलेला. शिवकाळातल्या आणि त्याआधीच्या कागदांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. गावाकडून सारा गोळा करून तो वर पोचवायचा आणि गावाच्या वतीने वर बोलायचंही. सारा थकला की आधी त्यालाच धरत. म्हणजे दोन्हीकडून दाब असलेला हा माणूस नवा नाही, आणि या शब्दात तो दाब साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ साठलेला आहे. ‘कंत्राटदार’ लिहिलंत तर त्याचं वरच्यांशी बांधलेलं असणं पुसलं जाईल. मी शब्द ठेवायच्या बाजूने आहे.

लेव्ही
इतिहास बरोबर आहे, पण त्यावरून शब्द आहे तसाच राहतो असं ठरत नाही. माथाडीचं उदाहरण बघा. पूर्वी व्यापारी मजुरीची एकरकमी रक्कम टोळीवाल्याच्या हातात देत, तो वाटेल तशी वाटत असे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर १९६९चा माथाडी कायदा आला. माथाडी मंडळाकडे मालकाचीही नोंद, कामगाराचीही. मालक मजुरी आणि लेव्ही, म्हणजे मजुरीवर टक्क्याने आकारलेली जादा रक्कम, मंडळात भरतो, मंडळ कामगाराला मजुरी देतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार भागवतं. मुकादमाच्या हातून पैसा गेला आणि नाव राहिलं. आज तो टोळीत कोण आलं, किती पोती उतरली एवढं टिपून ठेवतो आणि स्वतःही पाठीवर पोतं घेतो.

बिघडतं कुठे? व्यापारी लेव्ही वाचवायला रोख मजुरी हातावर ठेवतो तिथे. त्या दिवसाची नोंद मंडळात नाही, म्हणून त्या दिवसाचा निधीही नाही. असा व्यवहार सुरू झाला की जुना मुकादम लगेच परत येतो. म्हणून अक्षरवाट, शब्दाऐवजी पैशाची वाट बदलायची मागणी करा.

पाचटातली
मुकादमावर इतकं बोलताय, पण त्याहून घातक शब्द ‘कोयता’ आहे. दोन माणसांना एका हत्याराचं नाव. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा त्याचा, हिशेब त्याच्याशी. बाई तोडलेला ऊस गोळा करते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन फळीवर चढून गाडी भरते, आणि कागदावर ती नसतेच. नवरा आजारी पडला तर ‘अर्धा कोयता’ होते. करारातला शब्द बदलायचाच असेल तर आधी तो काढा आणि दोन नावं, दोन सह्या लिहा.

अक्षरवाट
हे माझ्या मांडणीत यायलाच हवं होतं, आलं नाही. दोन नावांची मागणी आधी. ‘मजूर कंत्राटदार’ हा आग्रह मात्र करारापुरता सोडत नाही. बोलण्यात मुकादम राहू द्या.

मोळीवाला
लेव्ही यांचा मुद्दा उसाला लावायचा तर अडचण वजनात आहे. डोकी सेंटरला, म्हणजे मोळ्या डोक्यावरून वाहतात तिथे, ट्रक किंवा ट्रॅक्टर सगळी टोळी मिळून भरते. वजन कारखान्याच्या काट्यावर, पावती वाहतूकदाराकडे, आणि कोणत्या जोडीने किती तोडलं हे फक्त मुकादम सांगतो. बैलगाड्यांच्या गाडी सेंटरला तसं नाही. प्रत्येक जोडीची वेगळी बैलगाडी, तिचं वजन वेगळं, पावती वेगळी. तिथे हिशेबाचं भांडण पुष्कळ कमी. पण डोकी सेंटरच्या मजुराचा पैसा थेट खात्यात टाकायचा ठरलं तरी तो किती टनांचा, हे विचारायला पुन्हा मुकादमाकडेच जावं लागेल. फडातच जोडीवार मोळ्या मोजून त्याच दिवशी दोघांच्या सह्या घेतल्या तर यातून मार्ग निघतो. फक्त ही मोजणी करणारा माणूस मुकादमाचा नसावा आणि त्याचा पगार कारखान्याने द्यावा.