फुटपाथवर मागून हॉर्न वाजला तर बाजूला व्हायचं का?

पायीपायी:

जरा वैतागून लिहितोय, तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या. वडील 74 वर्षांचे, हातात काठी, संध्याकाळी त्यांना अर्धा तास चालवून आणणं हे माझं काम. आमच्या रस्त्यावर एक सिग्नल आहे, 90 सेकंदांचा, आणि तो लाल झाला की डाव्या बाजूचा फुटपाथ म्हणजे बाइकवाल्यांचा सर्व्हिस रोड होतो. आधी एकच जण चढतो, इकडेतिकडे बघत, जरा लाजत वगैरे. तो निघाला की मागचे पाच-सहा मुंग्यांसारखे त्याच्या मागे, आणि त्यांना लाज नसते कारण आता ती रांग झालेली असते ना.

परवा असाच एक मागून आला, हॉर्न दिला, आणि वर "काका, जरा साइड द्या ना" असं अगदी गोड आवाजात. बाबा गडबडले, कुठल्या बाजूला व्हायचं तेच कळेना, कारण एकीकडे विजेच्या डीपीचा खोका आणि दुसरीकडे रस्ता. त्याचा आरसा बाबांच्या कोपराला घासून गेला, काठी हातातून सुटली आणि तिचं टोक दोन पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकून बसलं. बाबा पडले नाहीत एवढंच. मी ओरडलो तर तो म्हणतो कसा, "लागलं नाही ना? मग?"

वीस पावलांवर ट्रॅफिकचे मामा उभे, हेल्मेट नसलेल्यांचे फोटो काढत होते. त्यांना जाऊन सांगितलं. म्हणाले, साहेब मी इकडे आलो की तिकडे चौक तुंबतो, मग वरून मलाच बोलणी बसतात.

तर माझे प्रश्न: फुटपाथवर गाडी घालणं हा सरळसरळ गुन्हा आहे का आणि कुठल्या कलमाखाली? हॉर्न वाजवला तर मी बाजूला व्हायला बांधील आहे का? आणि मुख्य म्हणजे कुठे काही केल्याने हे खरंच थांबलंय का? "लोकांना शिस्तच नाही" हे मला माहीत आहे, ते कृपया परत सांगू नका.

---

तारीखपेतारीख:

वकिली करतो, पण या विषयावर फी घेण्याइतकी केस कधी आलेली नाही, यातच काय ते आलं.

हो, बंदी आहे आणि आजची नाही. 1989 च्या रस्ता नियमांतच 11 नंबरला होतं की ज्या रस्त्याला फुटपाथ किंवा सायकल ट्रॅक आहे तिथे गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय त्यावर गाडी चालवायची नाही. 2017 मध्ये ते नियम जाऊन नवे ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आले, बंदी तशीच राहिली, फुटपाथवर पार्किंगही बसत नाही. दंडाचं म्हणाल तर 1 सप्टेंबर 2019 पासून मोटार वाहन कायद्यात 177अ आलं, रेग्युलेशन मोडलं की 500 ते 1000 रुपये. त्याच्या वर आहे 184, धोकादायक ड्रायव्हिंग, पहिल्या वेळी 1000 ते 5000 आणि कैदही होऊ शकते. गंमत बघा, 184 मध्ये सिग्नल तोडणं, हातात मोबाइल, उलट दिशेने येणं असं नाव घेऊन लिहिलंय, फुटपाथचं नाव कुठे नाही. शेवटी एक मोघम पोटकलम आहे की सावध चालक असं चालवणार नाही वगैरे, त्यात तुमच्या बाबांचा प्रसंग बसवता येईल, पण बसवायला कोणीतरी बसलं पाहिजे. उभ्या उभ्या चलान करणारा माणूस नाव घेऊन लिहिलेलं कलमच लावतो, तो मोघम पोटकलमाच्या भानगडीत पडत नाही.

बाजूला होण्याबद्दल: बिलकुल बांधील नाही. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तर अडथळा नसलेला फुटपाथ हा घटनेच्या कलम 21 खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग धरलाय. पण हा हक्क बजावताना गाडीची चावी काढणे, हँडल धरणे, कॉलर धरणे यातलं काही करू नका, नाहीतर तक्रारदार तो आणि आरोपी तुम्ही. उभं राहा, नंबर प्लेट, वेळ आणि जागा दिसेल असा फोटो काढा, बस.

आणि जाता जाता, कोणाला माहीत नसतं म्हणून सांगतो, 210ब नावाचं कलम आहे: ज्यांच्याकडे कायदा राबवायचं काम आहे त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट. खाकी पँट आणि वर साधा शर्ट घालून फुटपाथवरून जाणारी बुलेट दिसली की मला हे कलम हमखास आठवतं.

---

हाफक्लच:

मी चढवतो गाडी. आता हाणा.

नाही म्हणजे रोज नाही, पण चढवतो. खोटं कशाला बोलू. माझं काम डिलिव्हरीचं नाही, साधी नोकरी आहे, पण त्या जाममध्ये बाइक मधल्या फटीतून जाऊच शकत नाही कारण चारचाकीवाले डावीकडची अर्धा फूट जागापण सोडत नाहीत, आणि समोर 30 मीटरवर मला डावीकडेच वळायचं असतं, सरळ जायचंच नसतं. लाल दिवा माझ्यासाठी नसतोच मुळात, मी फुकट थांबलेला असतो. मग पुढचा चढला की हात आपोआप वळतो. दोन मिनिटं वाचतात, ती वाचवून मी काय करतो विचाराल तर काही नाही, पुढच्या सिग्नलला उभा राहतो.

पण एक सांगतो, सहा-सात वर्षांत मला हेल्मेटचं चलान आलंय, स्टॉप लाइन ओलांडल्याचं आलंय, एकदा तर चाक रेषेवर होतं फक्त, घरी मेसेज. फुटपाथचं? एकदाही नाही. कॅमेरा चौकाकडे तोंड करून असतो, फुटपाथकडे त्याची पाठ असते. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच रेषेवर सगळे शहाण्यासारखे थांबतात आणि रेषेच्या आधी फुटपाथवर चढतात.

काकांना लागलं असतं तर वाईट झालं असतं हे मान्य. हॉर्न मात्र मी वाजवत नाही, हळू मागून येतो.

---

टेकूदेवघरला:

@हाफक्लच, हळू मागून येतो म्हणे! उपकारच झाले. मागून आवाज न करता येणारी गाडी जास्त भीतीदायक असते हे एकदा सात महिन्यांची गरोदर असताना चालून बघायला हवं होतं तुम्ही, ते शक्य नाही म्हणून सोडून देते. 2022 चा केंद्राचा रस्ता अपघातांचा अहवाल बघा, त्या एका वर्षात 32,825 पादचारी गेले. दुचाकीवरचे 74,897. म्हणजे मरणाऱ्यांत तुम्ही आमच्या दुपटीहून जास्त आहात, आपण दोघंही त्या रस्त्यावरचे गरीब आहोत खरं तर, आणि भांडतोय कोण तर आपणच, एसी लावून अख्खी लेन अडवणारा तिकडे गाणी ऐकतोय.

(ते सगळे फुटपाथवर गेले नाहीत हे मला कळतं, आकडा रस्त्याचा आहे. पण फुटपाथवरून हाकलल्यावर माणूस उतरतो कुठे? रस्त्यावरच ना.)

---

दीडशेमिलिमीटर:

रस्त्यांचीच कामं करतो, त्यामुळे पोलिसांपेक्षा आमच्या लोकांना जास्त बोलणार आहे.

कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची 150 मिलिमीटरच्या वर नेऊ नका असं इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या कोडमध्ये आहे, आयआरसी 103. कारण उघड आहे, त्याहून उंच केला तर म्हाताऱ्या माणसाला पाय टाकता येत नाही. पण दीडशे मिलिमीटर सलग असला तरी स्कूटर त्यावर सहज चढत नाही, पोट घासतं. बाइकवाला चढवेल, पण थांबून, जोर लावून. म्हणजे फुटपाथ नीट बांधला असेल तर बहुतेक जण चढण्याच्या फंदात पडतच नाहीत. मग चढतात कुठून? गेटवरून. दर सोसायटीच्या गेटसमोर आपण फुटपाथ कापतो आणि रस्त्याच्या लेव्हलला आणतो, दोन्ही बाजूंना छान उतार देऊन. पायी माणसाने दर पन्नास पावलांवर उतरायचं, चढायचं, आणि बाइकवाल्याला आयता रॅम्प. खरं उलटं पाहिजे, फुटपाथ सलग एकाच उंचीवर आणि गेटमध्ये जाणाऱ्या गाडीने चढून उतरायचं. ड्रॉइंगमध्ये असतं असं. साइटवर नसतं.

आता सगळे म्हणतील खांब लावा, बोलार्ड लावा. लावले की! पण हिशोब बघा. व्हीलचेअर आरामात जायला साधारण 90 सेंटिमीटर मोकळे लागतात, आणि आपल्याकडच्या स्कूटरचं हँडल साधारण 70-75 सेंटिमीटर. जी फट व्हीलचेअरला पुरते ती स्कूटरला पुरतेच पुरते. स्कूटर अडवायला फट बारीक केली तर पहिली अडकते ती व्हीलचेअर आणि बाळाची गाडी, आणि तो बाइकवाला त्यातूनही हँडल तिरकं करून जातोच. रुंदीने गाळता येईल अशी चाळणीच नाही ही. एके ठिकाणी मी स्वतः नागमोडी रेलिंग लावलं होतं, पंधरा दिवसांत एका बाजूचा पाइप कापून नेलेला. आणि खरं सांगू, तक्रार आली होती ती एका व्हीलचेअरवाल्या बाईंचीच, आणि ती बरोबर होती.

म्हणून मी म्हणतो खांब मोजत बसू नका, चढण्याच्या जागा मोजा. रस्ता आणि फुटपाथच्या मध्ये रेलिंग किंवा झाडांची पट्टी असली की चढायला दोन-तीनच तोंडं उरतात, आणि दोन तोंडांवर एक माणूस लक्ष ठेवू शकतो. दोनशे मीटरवर नाही ठेवू शकत. मूळ पोस्टवाल्यांनी एक दिवस उभं राहून बघावं, कुठून चढतात. मी पैज लावतो, एक-दोनच ठिकाणांहून.

---

पॅसेंजर2:

आमच्याकडे खांब लावलेत त्याला आता लोक बाइक साखळीने बांधतात. असो.

---

भाताच्यादेशात:

कुठे थांबलंय का असं विचारलंत म्हणून लिहितो. चार वर्षं व्हिएतनाममध्ये काम केलंय, स्कूटरचा देश आहे तो, फुटपाथवरून जाणं ही तिथे तक्रारीची गोष्टच नव्हती, ते हवामानासारखं होतं. 1 जानेवारी 2025 पासून नवा डिक्री, म्हणजे सरकारी हुकूम आला, नंबर 168, आणि फुटपाथवर दुचाकी चालवायचा दंड आधी 4 ते 6 लाख डोंग (तिथलं चलन) होता तो एका झटक्यात 40 ते 60 लाख केला. दहापट. सिग्नल तोडायचाही भरपूर वाढवला. कित्येकांचा अर्ध्या महिन्याचा पगार आहे तो!

पहिले काही आठवडे जे दिसलं ते मी विसरणार नाही. रात्री अकरा वाजता रिकाम्या चौकात लाल दिव्याला माणसं रेषेच्या मागे पुतळ्यासारखी. फुटपाथ मोकळे. पण त्याच वेळी रस्ते इतके तुंबले की लोक रडकुंडीला आले, कारण आजवर जी गर्दी फुटपाथवरून आणि लाल दिव्यातून झिरपून जात होती ती सगळी आता रस्त्यावर उभी. मग हो चि मिन्ह सिटीत घाईघाईने बऱ्याच चौकांत दुचाकींना लाल दिव्यातही उजवीकडे वळू देणारे बाण बसवले (ते उजव्या बाजूने चालवतात, म्हणजे आपलं डावं वळण). @हाफक्लच यांची जी तक्रार आहे, मला वळायचंच होतं मी फुकट थांबलो, तीच तिथली बऱ्याच जणांची निघाली.

तेव्हा नुसता दंड वाढवून झालं असं मी म्हणणार नाही. तिथे पहिले काही दिवस चौकाचौकात पोलीस होते आणि पकडत होते, म्हणून दंड दंडासारखा वाटला. आपल्याकडे हजाराचे पाच हजार केले आणि पकडणारा तोच एकटा मामा, त्याला चौकही सांभाळायचाय, तर काय होणार? चलान घरी येतं, लोक भरत नाहीत, लोकअदालतीत सूट मिळेल म्हणून थांबतात.

---

तारीखपेतारीख:

लोकअदालतीचं अगदी खरं. पंधरा-वीस चलानं साठवून घाऊक सवलत मागणारे पाहिलेत मी.

---

पायीपायी:

सगळ्यांचे आभार, @हाफक्लच यांचेही, खरं बोलल्याबद्दल. तुम्हाला हाणत नाही, फक्त आरसे मुडपून घ्या हो.

@दीडशेमिलिमीटर, तुमची पैज तुम्ही जिंकलात. काल आणि आज सिग्नलच्या वेळेला वीस-वीस मिनिटं कोपऱ्यावर उभा राहिलो, वहीत रेघा मारत, येणारेजाणारे मला सर्व्हेवाला समजत होते. काल 31 चढले, आज 27. त्यातले दोन-चार सोडले तर सगळे एकाच जागेवरून, आणि ते गेट नाहीये! केबलसाठी खणलं तेव्हा तीनेक फूट कर्ब उखडला होता, नंतर तिथे खडी आणि माती दाबून सोडून दिली, तिचाच टायरने घासून गुळगुळीत रॅम्प झालाय. मी वर्षभर त्याच्या बाजूने जातोय, एकदाही लक्षात आलं नाही. बाइकवाल्यांना मात्र पाठ.

तर आता पोलिसांकडे न जाता त्या तीन फुटांचा फोटो टेप लावून काढलाय आणि वॉर्ड ऑफिसला लेखी दिलंय, कर्ब परत बसवा एवढंच. पोच घेतली आहे. तिथल्या माणसाने विचारलं, फक्त तीनच फूट? त्याला बहुतेक वाटलं मागे काहीतरी मोठं प्रकरण असणार.

तोवर बाबांनी स्वतःचा उपाय काढलाय. मागून हॉर्न वाजला की मधोमध थांबतात, काठी बगलेत धरतात आणि चष्मा काढून पुसायला घेतात. आज एकाला पूर्ण हिरवा दिवा जाईपर्यंत उभं केलं. तो बिचारा शेवटी गाडी ढकलत खाली उतरला.