प्रतिसाद: ५ नॅनोमीटरची सोन्याची फिल्म करंट का नेत नाही

टार्गेट (ज्यातून सोनं उडवून काचेवर बसवतात तो तुकडा) तेच, काच तीच, पण २० नॅनोमीटरवाली फिल्म करंट नेते आणि ५ वाली नेत नाही, शिवाय निळसर दिसते, म्हणजे सोनंच खराब आहे का असं तुम्ही विचारलंय. सोन्याला कशाला दोष द्यायचा, ५ नॅनोमीटरला तिथे सलग फिल्म अशी नसतेच बहुतेक. सोन्याच्या अणूंना काचेपेक्षा एकमेकांची संगत जास्त आवडते, त्यामुळे ते तव्यावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन सुटी सुटी बेटं करतात, आणि जाडी मोजणाऱ्या मीटरवर दिसणारे ५ ही नुसती सरासरी असते, बेटं त्याहून उंच आणि मधे उघडी काच. निळा रंगही या बेटांमुळेच. जाडी वाढली की बेटं एकमेकांना चिकटतात, साधारण १० नॅनोमीटरच्या आसपास आरपार वाट तयार होते आणि रेझिस्टन्स धाडकन खाली येतो. खाली १-२ नॅनोमीटर क्रोमियम दिलंत तर हे बरंच आधी होतं.

आणि वर कुणीतरी म्हटलंय की जाडीने फक्त ग्रेन साइज (फिल्ममधल्या बारीक क्रिस्टल-कणांचा आकार) बदलते, ते काही पटलं नाही. तांब्यावर लोखंड चढवा, (००१) फेसवर, म्हणजे क्रिस्टलच्या घनाच्या सपाट बाजूवर, रूम टेंपरेचरला अणूंच्या साधारण १० थरांपर्यंत ते तांब्याच्या नादाने एफसीसीच (तांब्याची रचना: घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध अणू) राहतं, त्यापुढे ताण झेपत नाही आणि मग आपल्या नेहमीच्या बीसीसीवर (घनाच्या कोपऱ्यांवर आणि पोटात मधोमध अणू) येतं. त्यातही साधारण ४ थरांपर्यंतची फिल्म अख्खी फेरोमॅग्नेटिक (लोहचुंबकासारखी), त्याहून जाड फिल्मचं मॅग्नेटिझम वेगळंच, म्हणजे क्रिस्टल स्ट्रक्चरच बदलतंय की!

एक्सआरडी (एक्स-रेने क्रिस्टलची रचना बघणं) काढणार असाल तर ग्रेझिंग अँगलने, म्हणजे किरण पृष्ठभागाला जवळजवळ घासून जातील असं काढा, नाहीतर नुसती काचच दिसेल.