मार्व्हल झॉम्बीज: वाचायचा क्रम काय, आणि मतं इतकी टोकाची का?

प्रश्न: मार्व्हलचे सुपरहिरो झॉम्बी होतात ते मूळ कॉमिक वाचायचंय. कुणी डोक्यावर घेतंय, कुणाला किळस येतेय. सुरुवात कुठून करू?

चित्रवेडा: आधी 'अल्टिमेट फॅन्टॅस्टिक फोर' अंक २१ ते २३ (२००५); हे झॉम्बींचं जग तिथेच पहिल्यांदा दिसतं. मग रॉबर्ट किर्कमन आणि शॉन फिलिप्स यांचे 'मार्व्हल झॉम्बीज'चे ५ अंक. 'डेड डेज' कथाक्रमाने आधीचं असलं तरी नंतरच वाचा. साथ कशी पसरली हे आधीच कळलं तर धक्का बोथट होतो.

शाईचा डाग: किळस येणारच! इथले झॉम्बी बोलतात, डोकं चालवतात, विनोदही करतात. पोट भरलं की भान येतं, मग स्पायडर-मॅन मेरी जेन आणि मे आंटीला खाल्लं म्हणून रडतो. भूक लागली की पुन्हा तेच. हा काळा विनोद पचला तर मालिका आवडते. हिरो सुधारतील या आशेवर वाचणारे मात्र वैतागतात. (रहस्यभेद: शेवटी ग्रह गिळणारा गॅलॅक्टसही सुटत नाही.)

रात्रपाळी: जीव गुंतणारं हवं असेल तर टॉम टेलरने डीसी कॉमिक्ससाठी लिहिलेलं 'डीसीज्ड' (२०१९) घ्या. तिथे संसर्ग मोबाइल-टीव्हीच्या स्क्रीनवरूनही पसरतो. आर्थर सायडॅमची मुखपृष्ठं मात्र मार्व्हलकडेच: गाजलेल्या जुन्या मुखपृष्ठांची सडकी रूपं. मूळ चित्र शेजारी ठेवून बघा.