रूटीन अकरा दिवस टिकतं आणि बाराव्या दिवशी मोडतं, मोडल्यावर काय करता तुम्ही?

रिकामी_वही

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज विचारतेच. मी घरून काम करते, भाषांतर आणि मुद्रितशोधन. नोकरी नाही त्यामुळे किती वाजता बसायचं हे सांगणारं कोणी नाही, आणि गेले चार महिने माझं एकच चाललंय, रूटीन बनवायचं, दहाबारा दिवस अगदी छान पाळायचं, मग एक दिवस काहीतरी होतं (मुलीला ताप, लाइट गेली, एखादं काम रात्रीपर्यंत लांबलं) आणि तो एक दिवस गेला की त्याच्या मागून पुढचे आठ दिवसही जातात. मग सोमवारपासून नवीन वेळापत्रक.

शेवटचं असं होतं: पहाटे ५ ला उठणं, अर्धा तास व्यायाम, ६ ते ८ सगळ्यात अवघड भाषांतर, मग घरचं, १० ते १ काम, २ ते ५ काम, संध्याकाळी चालणं, रात्री अर्धा तास जर्मनचा अभ्यास आणि ११ ला झोप. पहिले अकरा दिवस एकही चौकोन रिकामा सोडला नाही. बाराव्या रात्री मुलीला ताप आला, आम्ही दोघंही जागे, सकाळी डोळे उघडले तेव्हा ८ वाजलेले आणि मनात पहिलं हेच आलं की ६ ते ८ तर गेलंच, आता आजचा दिवस गेला. आणि तो गेलाच, कारण दुपारपर्यंत मी लॅपटॉप उघडला नाही, मोबाइल घेऊन बसून राहिले.

घरात मला आता आरंभशूर म्हणतात, प्रेमानेच, पण ते लागतं. मी आळशी नाहीये, डेडलाइन आली की बारा तास बसून काम संपवते. पण असं संपवलेलं काम मला स्वतःलाच आवडत नाही, घाईत जो शब्द हाताला लागेल तो घेतला जातो. मला रोज थोडं, शांतपणे आणि नीट काम करता यायला हवंय. रूटीन कसं बनवायचं यावर खूप वाचून झालंय. ज्यांचं वर्षभर टिकलंय त्यांनी एवढंच सांगा की मोडल्यावर तुम्ही काय करता?

चौथा_मजला

तुमचं वेळापत्रक दोनदा वाचलं. ११ ला झोपून ५ ला उठायचं म्हणजे सहा तास, तेही पडल्या पडल्या झोप लागली तर. मोठ्या माणसाला निदान सात तास लागतात, म्हणजे रोजची एक तासाची उधारी, अकरा दिवसांत अकरा तास. मला वाटतं तुमचं रूटीन तापाच्या आधीच दमलं होतं, ताप निमित्त झाला. संध्याकाळी चहा-कॉफी घेऊन ही तूट भरत असाल तर तेही बघा, कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, मग ११ ची झोप १२ वर जाते आणि सकाळ आणखी जड होते.

दुसरं म्हणजे त्यात मोकळी जागाच नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमच्याकडे एखाद्या कामाला किती दिवस लागतील असं विचारलं की माणूस सगळं सुरळीत झालं तर किती लागतील तेच सांगतो, वीस वर्षांचा अनुभव असलेला सुद्धा. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये याला प्लॅनिंग फॅलसी असं नावच दिलंय. मी आता दिवसातले चारच तास आखतो आणि बाकीचे मुद्दाम मोकळे ठेवतो. ते भरतातच, पण काही फिसकटलं तर ते त्या मोकळ्या वेळात जिरतं, चार तासांना धक्का लागत नाही.

कोणीतरी पोमोडोरो सुचवेलच. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून ते सुरू केलं, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी. ईमेल, बिलं, फाइली लावणं अशा कंटाळवाण्या कामांना छानच आहे. पण कोड लिहिताना २५ मिनिटांनी घंटा वाजली की माझी तंद्री मोडते, भाषांतरात पण तसंच होत असेल. मी ५० मिनिटं लावतो. तुमचं तुम्ही करून बघा.

रात्रपाळी

अगं रिकामी_वही, मी नर्स आहे, दर आठवड्याला ड्यूटी बदलते, कधी सकाळ कधी दुपार कधी रात्र. मला "६ वाजता" असं काही ठरवताच येत नाही. सुरुवातीची बरीच वर्षं मला वाटायचं की रूटीन हे माझ्यासारख्यांच्या नशिबातच नाही. मग मी घड्याळ सोडलं आणि क्रम धरला. उठले की अंथरूण आवरायचं, तोंड धुतलं की दहा मिनिटं पाठीचे व्यायाम, व्यायाम झाला की वही उघडून आजची एकच महत्त्वाची गोष्ट लिहायची आणि लगेच तिलाच हात घालायचा. मग उठणं सकाळी सहाला असो नाहीतर दुपारी दोनला. तुझ्या त्या बाराव्या दिवशी घड्याळाऐवजी असा क्रम असता तर ८ ला उठून ८ लाच सुरुवात झाली असती. काहीही गेलं नव्हतं ग त्या दिवशी.

आता तुझा खरा प्रश्न, मोडल्यावर काय. मी प्रत्येक गोष्टीची दोन मापं ठेवलीत, नेहमीचं आणि वाईट दिवसाचं. व्यायाम दहा मिनिटं, वाईट दिवशी दोन. अभ्यास चाळीस मिनिटं, वाईट दिवशी एक पान. आणि हे वाईट दिवसाचं माप चांगल्या दिवशी बसून लिहून ठेवलंय, कारण नाइटवरून आल्यावर डोकं इतकं बधिर असतं की तेव्हा ठरवायला बसले तर उत्तर एकच येतं, आज राहू दे. दोन मिनिटं केली तरी वहीत बरोबरची खूण पूर्णच करायची, अर्धी नाही. हे मी मनापासून सांगतेय कारण पहिली दोन वर्षं मी अर्धी खूण करायचे आणि त्या अर्ध्या खुणांकडे बघूनच मन खट्टू व्हायचं.

अजून एक. वॉर्डमध्ये ड्यूटी संपताना आम्ही हँडओव्हर देतो, कोणत्या पेशंटचं काय झालंय, काय राहिलंय, पुढे काय बघायचं. तसा हँडओव्हर मी स्वतःला पण देते. काम मध्येच सोडावं लागलं तर उठायच्या आधी एक ओळ लिहायची, कुठे आहे आणि आल्यावर पहिलं काय करायचं.

रिकामी_वही

झोपेचे तास मी कधी मोजलेच नव्हते. आणि "काहीही गेलं नव्हतं" हे वाचून डोळ्यात पाणी आलं, खरंच. दोन शंका आहेत. छोटं माप ठेवलं तर तेच रोजचं होऊन बसणार नाही का? आणि मोबाइलचं काय, नोटिफिकेशन सगळी बंद आहेत तरी हात जातोच.

हळूहळू

मी मानसशास्त्र शिकवतो, थोडी भर घालतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला होता, प्रत्येकाने एक नवीन सवय निवडायची, ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडायची आणि बारा आठवडे करायची. सवय आपोआप घडायला लागेपर्यंतचा मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिताने अंदाज बांधून काढलेले). त्यामुळे तुम्ही बाराव्या दिवशी जे मोडलं म्हणताय ते अजून बसलेलंच नव्हतं. आणि त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे ऐकू येतं ते मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलेल्या निरीक्षणावरून आलंय, पेशंटला स्वतःच्या नवीन चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस जातात असं ते होतं, त्यातला "निदान" हा शब्द वाटेत गळला. आता त्या आकड्याने लोक स्वतःला नापास करतात याचं मला फार वाईट वाटतं.

रात्रपाळी यांच्या हँडओव्हरलाही आधार आहे. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामातून दुसऱ्या कामाकडे गेलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, आणि पुढच्या एका अभ्यासात असंही दिसलं की सोडताना कुठे थांबलो आणि पुढे काय हे थोडक्यात लिहून ठेवलं तर ते अडकणं कमी होतं.

तुमच्या शंका. छोटं माप सलग तीन दिवस वापरावं लागलं तर मी स्वतःला बोल लावत नाही, मोठं माप जास्त आहे असं समजून तेच कमी करतो. मोबाइलसाठी मनाशी "कमी बघेन" असं ठरवून उपयोग होत नाही, ठरवणं जर-तर असं हवं. पीटर गोलविट्झर यांचं यावर बरंच काम आहे. उदाहरणार्थ, मुलगी शाळेत गेली आणि दार लावलं की मोबाइल दुसऱ्या खोलीतल्या कपाटात. दार लावणं ही खूण झाली, तिथे विचार करायचा नाही. आणि एक विनंती, सगळं एकदम सुरू करू नका. तुमच्या यादीत पाच नवीन सवयी होत्या.

रिकामी_वही

पाच आठवड्यांनी लिहितेय. फक्त तीन गोष्टी ठेवल्या: दार लावलं की मोबाइल कपाटात, मग अवघड भाषांतर ५० मिनिटं दोनदा (वाईट दिवशी एक परिच्छेद), आणि उठताना हँडओव्हरची ओळ. जर्मन सध्या बाजूला ठेवलं, जीवावर आलं पण ठेवलं. सहाला उठते, साडेदहाला आडवी.

छत्तीस दिवसांत सात दिवस छोट्या मापाचे आणि दोन पूर्ण कोरे. त्यातला एक कोरा दिवस गेल्या गुरुवारचा, आणि शुक्रवारी सकाळी वही उघडली तर बुधवारची ओळ होती, "तिसरा परिच्छेद, 'ओलावा' की 'दमटपणा' ते ठरव." तिथूनच सुरू केलं. ओलावा ठेवलं.

रात्रपाळी, तुला एक विचारायचंय. पुढच्या आठवड्यापासून मुलीला महिनाभर सुट्टी आहे, म्हणजे सकाळी दार लावणं ही माझी खूणच राहणार नाही. ड्यूटी बदलली की तू पहिली कडी कुठली धरतेस?