मदत हवी आहे: मुलीला पहिला किल्ला कोणता दाखवू?

नमस्कार मंडळी. माझी लेक सात वर्षांची आहे. या थंडीत फक्त आम्ही बापलेकीने एखादा किल्ला करावा असं फार मनात आहे. लोहगड डोळ्यासमोर आहे. पुण्याहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, वाटेत भाजे लेणी बघायची आणि वर जायचं. लोहगडवाडीपासून पायऱ्या आहेत, पण मळवलीपासूनची चाल तिला झेपेल का? की वाडीपर्यंत गाडीनेच जावं? विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या लांब, चिंचोळ्या सोंडेवर, लहान मुलांना नेणं मला तरी धोक्याचं वाटतं. ज्यांनी नेलंय त्यांनी कृपया सांगा. सिंहगड सोपा आहे, पण रविवारी तिथे फार गर्दी असते आणि मला तिच्याशी निवांत गप्पा मारायच्या आहेत. दुसरा एखादा शांत किल्ला सुचवाल का?