मदत हवी आहे: जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाइक, गरम झाली की रेस खाली येत नाही

मंडळी, सत्तरच्या दशकातली 250 सीसी, एअर-कूल्ड, पॉइंटवाली (ठिणगीसाठी जुन्या पद्धतीचे कॉन्टॅक्ट पॉइंट असलेली) गाडी आहे. थंड असताना एका किकमध्ये चालू होते, आयडलही छान धरते. इंजिन तापलं की मात्र थ्रॉटल सोडला तरी रेस वरच लटकते, हळूहळू उतरते. प्लग पांढरट निघतो, म्हणजे मिश्रण लीन होतंय (हवा जास्त, पेट्रोल कमी).

कार्ब्युरेटर उघडून पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) साफ केला. केबलला मोकळीक आहे. इनटेकच्या रबरावर क्लीनर फवारला, इंजिनाच्या आवाजात काही फरक नाही, म्हणजे तिथून हवा आत जात नाहीये. गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत नाही, पांढरा धूरही नाही, त्यामुळे क्लचकडच्या क्रँक सीलवर (क्रँकशाफ्टच्या टोकाचं रबरी सील; ते गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जाऊन जळतं) माझा संशय नाही. उरतं दुसऱ्या टोकाचं, मॅग्नेटोकडचं (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाकडचं) सील. ते कडक झालं असेल तर तिथून क्रँककेसमध्ये हवा ओढली जात असणार.

विचारायचं असं, की फ्लायव्हील पुलरने काढून हे सील बाहेरूनच बदलता येतं, की केस उघडावीच लागते? काही इंजिनांत सीलची कड केसच्या खाचेत बसते म्हणतात. आधी कळायचं कसं? फ्लायव्हील वरखाली हलवल्यावर किंचित खेळ जाणवतो. बेअरिंगच गेलं असेल तर नुसतं सील किती टिकणार!

सुमारे 6 पीएसआयची प्रेशर टेस्ट (इंजिनाची तोंडं बंद करून आत हवा भरायची आणि गळती शोधायची) घरी कुणी केली आहे का? एक्झॉस्ट आणि इनटेक कशाने बंद केलंत? तोवर गाडी चालवत नाहीये, पिस्टन जाम झालेला परवडणार नाही.

(पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाण वाढव, असा सल्ला कृपया नको. ऑइल वाढलं की पेट्रोलचा वाटा घटतो, मिश्रण आणखी लीन होतं.)