मदत हवी आहे: बुद्धिबळाचा डाव, सुलतान खान वि. कॅपाब्लांका (हेस्टिंग्ज स्पर्धा, इंग्लंड, 1930-31), 21वी खेळी आणि ओपनिंग म्हणजे सुरुवातीच्या खेळ्यांबद्दल

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो. भाची वजिराच्या प्याद्यानं सुरुवात करते आणि समोरच्यानं क्वीन्स इंडियन (काळ्याचा बचाव: ई6, बी6 करून उंट बाजूनं काढायचा) लावला की अडकते, म्हणून आम्ही दोघांनी हा डाव अभ्यासाला घेतलाय. बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकर सरांच्या गावात जाणकार कमी नाहीत, पण सध्या सगळे स्पर्धांच्या गडबडीत, म्हणून इथं विचारतो.

पांढरी मोहरी सुलतान खानची. पंजाबातला माणूस, आपल्या देशी नियमांनी खेळत वाढलेला, आणि समोर माजी जगज्जेता कॅपाब्लांका! पाचव्या खेळीला ए3 (नुसतं घराचं नाव म्हणजे प्यादं त्या घरात), म्हणजे बी4 वर काळ्याचा उंट येऊन घोडा पिन करणार, म्हणजे राजासमोर जखडून ठेवणार, तो रस्ताच बंद. पुढं ही कल्पना नंतरचा जगज्जेता पेट्रोशियन याच्या नावानं ओळखली जायला लागली, आणि हा डाव झाला तेव्हा पेट्रोशियन जेमतेम दीड वर्षाचा होता.

यात काळ्यानं बी6 आणि उंट बी7 आधी केलं, ई6 नंतर, त्यामुळं पांढऱ्याचा घोडा निवांत सी3 ला आला. भाचीसमोर मात्र ई6 आधीच झालेलं असतं, तर तिनं सरळ चौथ्या खेळीलाच ए3 करावं ना? आणि मग काळ्यानं उंट ए6 ला काढून सी4 चं प्यादं धरलं तर कसं खेळायचं?

खरी अडचण पुढं आहे. पांढरा कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणं) न करताच एच4, जी4, जी5 ढकलत जातो, 21व्या खेळीला उंट जी4 वर येऊन सी8 च्या हत्तीवर मारा करतो. तिथं कॅपाब्लांका हत्ती सी1 ला घालून शह देतो, राजा डी2, मग दुसरा हत्ती सी2 वर शह, आणि शेवटी दोन हत्ती देऊन वजीर घेतो. एवढं करून त्या वजिराला धरायला काहीच मिळत नाही, सगळा पट प्याद्यांनी बंद, आणि सुलतान खान घाई न करता 65 खेळ्यांत जिंकतो. काय संयम आहे राव!

तर 21व्या खेळीला सी8 चा हत्ती नुसता सी7 ला सरकवला असता तर काळा टिकला असता का? की आधी काळ्यानं डी5 वर ई-प्याद्यानं मारलं तेव्हाच बी7 चा उंट कोंडला गेला आणि डाव तिथंच बिघडला? मला दुसरं वाटतं, भाची पहिल्यावर अडून बसलीय. इंजिनचे (संगणकाचे) आकडे नकोत, प्लॅन शब्दांत सांगा, तिला समजायला हवं. सांगली-मिरजेतलं कुणी रविवारी पट मांडून बसायला तयार असेल तर फारच छान, आम्ही येऊ.